चतुर्थी कोणाची खरी? श्रद्धा, गणित आणि मराठी पंचांगाचा वाद

२०२३ साली महाराष्ट्रात गणपती दोनदा आले. आमच्या खोडाळ्यात घरोघरी मूर्ती बसल्या त्या १९ सप्टेंबरला. शेजारच्या देवबांधच्या गणपतीची भाद्रपद चतुर्थीही तीच. मात्र पुण्यात आणि रत्नागिरीकडे टिळक पंचांग पाळणारी जी घरे आहेत, त्यांची चतुर्थी २० ऑगस्टलाच होऊन गेली होती. देव तोच, चंद्र तोच, पूजाविधीही तोच. अंतर मात्र एका महिन्याचे. हा धागा त्या एका महिन्याविषयी आहे.

धर्मश्रद्धा आणि बुद्धी यांचे एकमेकींशी जमते का, असा प्रश्न मराठीत निघाला की आपल्याला आगरकर आठवतात, सुधारक आणि सनातनी आठवतात. त्या वादांत एक पक्ष बुद्धीचा आणि दुसरा श्रद्धेचा, अशी वाटणी आपण आधीच करून टाकलेली असते. पंचांगाचा वाद त्या वाटणीत बसत नाही. तो ज्यांनी लढवला ते दोन्हीकडचे लोक एकादशी पाळणारे होते आणि दोन्हीकडचे लोक गणित जाणणारे होते. म्हणूनच, या प्रश्नाची आपल्याकडची सर्वांत कसोशीची परीक्षा याच वादात झाली, असे माझे मत आहे.

आधी पंचांगाला इतके महत्त्व का, ते पाहू. कोणत्याही धर्मकृत्याच्या आरंभी संकल्प सोडतात. त्यात यजमान संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी, वार, नक्षत्र यांचा उच्चार करतो. म्हणजे देवापुढे हात जोडून तो प्रथम आकाशाविषयी काही विधाने करतो. तिथी ही काही मनाची समजूत नव्हे. सूर्य आणि चंद्र यांच्यातील अंतर बारा अंशांनी वाढले की एक तिथी संपते. हे अंतर मोजता येते. तेव्हा पंचांगातील तिथी चुकली, तर उपास चुकीच्या वेळी घडतो, श्राद्धाचा दिवस चुकतो आणि संकल्पातले वाक्य खोटे ठरते. गणित तपासण्याची निकड येथे नास्तिकाला नाही. ती श्रद्धावानालाच आहे.

ही जाणीव इंग्रजांनी आणलेली नाही. कोकण किनाऱ्यावरील नांदगावचे केशव दैवज्ञ पंधराव्या शतकाच्या अखेरीस ग्रहांचे वेध घेत होते आणि ग्रंथातले ग्रह आकाशातल्या ग्रहांशी ताडून पाहत होते. त्यांचे चिरंजीव गणेश दैवज्ञ यांनी १५२० मध्ये ‘ग्रहलाघव’ रचला. या ग्रंथाची धिटाई आज सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. त्या काळी सौर, आर्य आणि ब्राह्म असे गणिताचे पक्ष होते आणि प्रत्येकाला ऋषींचे किंवा आचार्यांचे नाव चिकटलेले होते. गणेशांनी कोणताच पक्ष पुरता स्वीकारला नाही. एक ग्रह एका पक्षाचा घेतला, दुसरा दुसऱ्याचा. शनी तर आर्यपक्षाने येतो त्यात पाच अंश मिळवून घ्यावा, असे सांगितले. का? कारण तसे केले तरच तो आकाशात दिसतो तेथे येत होता. शास्त्राच्या वचनात पाच अंश मिळवणारा हा माणूस पाखंडी ठरला नाही. उलट त्याचा ग्रंथ महाराष्ट्रातील पंचांगांचा आधार झाला. एवढे किचकट गणित त्याने ज्या-कोटिज्या टाळून सोपे करून दिले, हेही त्याचे एक कारण.

पण पुढे विपरीत घडले. लोकांनी गणेशांची कोष्टके घेतली आणि त्यांचा शिरस्ता सोडला. ग्रहलाघवावरून आणि त्यांच्याच ‘तिथिचिंतामणी’वरून पिढ्यानपिढ्या पंचांगे निघत राहिली, आकाशाकडे पाहणे मात्र थांबले. ज्या ग्रंथाचे बळ वेधांत होते, तोच स्वतः वेद होऊन बसला. तीनशे वर्षांत लहान लहान चुका साचत गेल्या. दोष केवळ जुनेपणाचा नव्हता. चंद्राची गती फार गुंतागुंतीची आहे आणि आपल्या प्राचीन गणितात तिला लावायचा मुख्य संस्कार एकच, सुमारे पाच अंशांचा. पौर्णिमा-अमावास्येला तेवढ्याने काम भागते. त्यामुळे ग्रहणे बऱ्यापैकी जुळत आणि लोकांचा विश्वास टिके. अष्टमीच्या सुमारास मात्र चंद्र सात-साडेसात अंशांपर्यंत पुढेमागे होऊ शकतो. हिशेबात अडीच अंश राहिले, तर तिथीचा अंत पाच तासांनी चुकतो. ग्रहण सर्वांना दिसते, अष्टमीचा अंत कोणालाच दिसत नाही. चूक नेमकी तेथेच लपली होती, जेथे तिला पकडणारे कोणी नव्हते.

ती पकडली केरो लक्ष्मण छत्रे यांनी. केरूनानांचा जन्म १८२५ चा, अलिबागजवळच्या नागावचा. कुलाब्याच्या वेधशाळेत त्यांनी उमेदवारी केली, पुढे पुण्यात गणिताचे अध्यापक झाले; टिळक त्यांचे विद्यार्थी. १८६० मध्ये त्यांनी ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली. युरोपात वेधांवरून बसवलेल्या ग्रहगणिताचा आधार घेऊन मराठी जोशाला वापरता येईल असे ते पुस्तक होते. १८६५ पासून आबासाहेब पटवर्धनांच्या साह्याने त्या पद्धतीचे पंचांग निघू लागले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले.

येथे विरोध सुरू झाला. विरोधकांचे म्हणणे आपण नीट ऐकले पाहिजे. ते अडाणी नव्हते. परंपरेत एक नियम आहे : ‘बाणवृद्धी रसक्षय’. बाण म्हणजे पाच, रस म्हणजे सहा. साठ घटकांची तिथी वाढली तर फार तर पाच घटका वाढते आणि घटली तर फार तर सहा घटका घटते (घटका म्हणजे चोवीस मिनिटे). धर्मशास्त्रातले कित्येक निर्णय, एकादशी कोणत्या दिवशी धरावी, श्राद्ध कोणत्या दिवशी करावे, हे या मर्यादा गृहीत धरून बसवलेले आहेत. नव्या गणिताने तिथी सात घटकांपर्यंत वाढते आणि दहापर्यंत घटते. मग निर्णयाच्या त्या सगळ्या इमारतीचे काय करायचे? यावर एक तोडगा पुढे आला. ग्रहण, उदयास्त ही ‘दृष्ट’, म्हणजे डोळ्यांना दिसणारी फळे. ती नव्या गणिताने काढावीत. व्रत-श्राद्ध यांचे फळ ‘अदृष्ट’, ते पुण्यरूप. त्यासाठी ऋषिप्रणीत गणितच हवे. हाच वाद तिकडे काशीतही झाला. मूळचे मराठी असलेले बापूदेव शास्त्री दृक्‌गणिताच्या बाजूने उभे राहिले आणि सुधाकर द्विवेदींनी धर्मकृत्यांसाठी सूर्यसिद्धांताचा पक्ष घेतला. द्विवेदी पाश्चात्त्य गणितात पारंगत होते, हे विसरता कामा नये.

दृष्ट आणि अदृष्ट यांची ही वाटणी आजच्या कानांना फार ओळखीची वाटेल. विज्ञानाचे क्षेत्र निराळे, धर्माचे निराळे. दोघांनी एकमेकांच्या अंगणात पाऊल ठेवू नये. तडजोड म्हणून ती मोहक आहे. पण पंचांगात तिची अडचण लगेच उघडी पडते. पौर्णिमेला ग्रहणाचे स्नान एका चंद्राने करायचे आणि आठ दिवसांनी अष्टमीचे व्रत दुसऱ्या चंद्राने? आकाशात तर एकच चंद्र आहे. या वाटणीने श्रद्धेचे रक्षण होत नाही. तिच्या विधानांना कोणी खरे-खोटे ठरवू नये एवढीच सोय होते. माझे झुकते माप छत्र्यांकडे आहे, हे मी लपवत नाही.

पण छत्र्यांना खरा पेच टाकला तो सनातन्यांनी नव्हे, तर त्यांच्याही पुढे जाणाऱ्यांनी. विसाजी रघुनाथ लेले यांनी वर्तमानपत्रांतून त्यांना विचारले, थोडक्यात असे : तिथी आकाशाशी जुळवता, मग ऋतू का जुळवत नाही? मुद्दा अयनांशांचा होता. वसंतसंपाताचा बिंदू ताऱ्यांच्या मागे दर ७२ वर्षांत सुमारे एक अंश सरकतो. आपली पंचांगे राशी ताऱ्यांपासून मोजतात, म्हणजे निरयन. ऋतू मात्र संपाताला बांधलेले आहेत. परिणामी सूर्य उत्तरेकडे वळतो २१-२२ डिसेंबरला आणि आपण मकरसंक्रांत करतो तीन आठवड्यांनी. १ जानेवारीला संकल्प सोडणारा माणूस ‘दक्षिणायन’ म्हणतो, तेव्हा उत्तरायण लागून दहा दिवस झालेले असतात.

(थोडे विषयांतर. पानिपतावर १४ जानेवारी १७६१ ला ‘संक्रांतीच्या दिवशीच’ संक्रांत कोसळली, असे आपल्याकडे सर्रास लिहितात. त्या वर्षीची मकरसंक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती. स्वामी विवेकानंद १८६३ च्या संक्रांतीला जन्मले, ती तारीख १२ जानेवारी. संक्रांत इंग्रजी तारखेला बांधलेली नाही, ती सरकते. याच चालीने सुमारे बाराशे वर्षांनी ती फेब्रुवारीत जाईल.)

लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८८० च्या दशकात ऋतूंना धरून चालणारे सायन पंचांग काढले. या तिघांत दीक्षितांविषयी थोडे अधिक लिहायला हवे. १८५३ मध्ये दापोलीजवळच्या मुरुड गावी जन्मलेला हा शिक्षक. १८९६ मध्ये त्यांचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ आला आणि १८९८ मध्ये, वयाच्या पंचेचाळिशीच्या आतच, ते गेले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा ग्रंथ निदान चाळावाच : एका ज्ञानशाखेचा वेदकाळापासून स्वतःच्या दिवसांपर्यंतचा एवढा साक्षेपी इतिहास मराठीत दुसऱ्या कोणत्या विषयाचा असेल, मला शंका आहे. ज्या केरूनानांशी मतभेद होता, त्यांचे चरित्र आणि कार्यही त्यात आदराने येते. सायन पक्षासाठी दीक्षितांचा आधार केवळ आधुनिक खगोलशास्त्राचा नव्हता. तो वेदांचाही होता. वैदिक मासांची मधु-माधव ही नावे ऋतूंची आहेत, मधु आणि माधव म्हणजे वसंत. मास ऋतूंपासून सुटले, तर श्रुतीचेच वचन मोडते.

म्हणजे काय झाले पाहा. बुद्धी एका बाजूला, आणि सर्वांत प्राचीन धर्मग्रंथही त्याच बाजूला. जिंकायला आणखी काय हवे? तरीही सायन पक्ष हरला. लोकांनी संक्रांत डिसेंबरात नेली नाही. हा पराभव अज्ञानाचा म्हणून सोडून देणे मला पटत नाही. तिथीची दुरुस्ती काही तासांची होती. चुकून एखाद्या वर्षी एकादशी एका दिवसाने हलली, तरी स्मार्त-भागवत अशा दोन एकादश्या पाळणाऱ्या समाजाला ती पचण्यासारखी होती. ऋतूंची दुरुस्ती बावीस दिवसांची. ती एका घराने केली, तर ते घर शेजाऱ्यांच्या तिळगुळाला मुकते. सण हा आकाशाशी जुळायला हवा, तसाच तो शेजाऱ्याशीही जुळायला हवा. आणि दोन्ही एकदम होत नसेल, तर लोक शेजाऱ्याशी जुळवतात. श्रद्धा ही केवळ मनातली मान्यता असती, तर दीक्षितांचा युक्तिवाद वाचून ती बदलली असती. पण ती सर्वांनी मिळून एका दिवशी करायची गोष्टही आहे.

या सगळ्या वादात कोण बोलत होते, हेही नमूद करायला हवे. छत्रे, लेले, मोडक, दीक्षित, टिळक : सगळे ब्राह्मण. ज्या कुणब्याला, माळ्याला गावचा जोशी पंचांग वाचून मुहूर्त सांगे, त्याचा प्रश्न निराळाच होता. १८७३ मध्ये जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने ब्राह्मण पुरोहिताविना लग्ने लावायला सुरुवात केली, तेव्हा ग्रहलाघवी की पटवर्धनी याची चर्चा तेथे नव्हती. मुहूर्त सांगण्याचा वंशपरंपरागत हक्क एकाकडेच का आणि त्याची दक्षिणा आम्ही का द्यायची, हे त्यांचे विचारणे होते. दक्षिणेच्या हक्कासाठी जोशांनी कोर्टात दावेही लावले. फुल्यांचा निर्मिक बुद्धीला पटणारा आहे. त्याला मुहूर्त लागत नाही. पंचांगशुद्धीचे पुढारी या प्रश्नाला भिडले नाहीत. आमच्या मोखाडा-जव्हारकडे दिवाळीच्या तोंडावर आदिवासी वाघबारस करतात, वाघदेवाला पुजतात. ‘बारस’ म्हणजे द्वादशी. तिथी या डोंगरांतही पोहोचलेली आहे. तिचे गणित कोणी आणि कसे करावे, हे मात्र इथल्या माणसाला कोणी विचारल्याचे मला आढळले नाही.

आता टिळकांकडे, आणि त्या दोन चतुर्थ्यांकडे. सामाजिक सुधारणेत सनातन्यांच्या जवळ उभे राहणारे टिळक पंचांगाच्या प्रश्नात पक्के सुधारक होते. गुरूंचा रेवती पक्ष त्यांनी उचलून धरला आणि विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ज्योतिष परिषदांतून तो लावून धरला. निरयन पद्धत ठेवायची, पण राशिचक्राचा आरंभ कोठे धरायचा? सूर्यसिद्धांत सांगतो की रेवतीचा योगतारा चक्राच्या अगदी शेवटी, ३५९ अंश ५० कलांवर आहे. तोच ग्रंथ सांगतो की चित्रा तारा बरोबर १८० अंशांवर आहे. प्रत्यक्षात टिळक पक्षाने रेवतीचा म्हणून धरलेला तारा आणि चित्रा यांच्यात जवळजवळ १८४ अंशांचे अंतर आहे. म्हणजे दोन्ही वचने एकदम खरी होऊ शकत नाहीत. रेवती धरली तर अयनांश आज सुमारे वीस येतात, चित्रा धरली तर चोवीस. रेवतीचा तो तारा अंधुक, नुसत्या डोळ्यांनी शोधावा लागणारा. चित्रा ठळक, निःसंशय. व्यंकटेश बापूजी केतकरांसारख्या मोठ्या गणितज्ञाने चित्रेची बाजू घेतली आणि पुढे बहुतेक पंचांगे तिकडे गेली.

या ठिकाणी बुद्धीला तरी निर्णय देता येत होता का? माझ्या मते नाही. वर्तुळाला स्वतःचा आरंभ नसतो. तो कोठे मानायचा, हे ठरवून घ्यावे लागते. वेध कितीही सूक्ष्म घेतले तरी ‘येथून मोजा’ असे आकाश सांगत नाही. शुद्ध गणिताच्या आग्रहाने सुरू झालेला वाद शेवटी संकेतावर येऊन थांबला, आणि संकेत मान्य करणे हे श्रद्धेहून फार दूरचे काम नाही.

त्या चार अंशांचे २०२३ मध्ये काय झाले, ते असे. ज्या चांद्रमासात सूर्याची संक्रांत होत नाही, तो अधिक मास. त्या वर्षी १६ ऑगस्टला दुपारी अमावास्या संपली. चित्रा पक्षाने सूर्य सिंह राशीत गेला १७ ऑगस्टला, म्हणजे अमावास्येनंतर. तेव्हा आधीचा महिना संक्रांतीवाचून राहिला आणि अधिक श्रावण ठरला. रेवती पक्षाने तीच संक्रांत सुमारे चार दिवस आधी, अमावास्येपूर्वीच झालेली होती; म्हणून त्यांच्याकडे तो महिना अधिक नव्हेच, तो निज श्रावण, आणि पुढचा भाद्रपद. एका दिवसाच्या फरकाने संपूर्ण महिना फिरला. ज्यांनी २० ऑगस्टला गणपती बसवला त्यांचे गणित चुकले नव्हते, आणि ज्यांनी १९ सप्टेंबरला बसवला त्यांचेही नाही.

स्वातंत्र्यानंतर सरकारने हा गुंता सोडवायचे मनावर घेतले. १९५२ मध्ये मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तीत नागपूरचे के. ल. दप्तरी आणि ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर होते. समितीचा अहवाल १९५५ चा. २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय पंचांग लागू झाले. त्याचे महिने सायन आहेत. लेल्यांनी छत्र्यांकडे जे मागितले होते, ते भारत सरकारने देऊन टाकले. सणांसाठी मात्र समितीला निरयन गणना ठेवावी लागली, तीही चित्रा पक्षाच्या जवळची. साहा स्वतः देवधर्म मानणारे नव्हते. तरी लोकांची संक्रांत हलवायचे धाडस त्यांच्याही समितीने केले नाही.

आणि छत्र्यांचे काय झाले? ते जिंकले, पण कोणाच्या लक्षात येणार नाही अशा रीतीने. सोलापूरचे दाते पंचांग असो की १९७३ मध्ये जयंतराव साळगावकरांनी सुरू केलेले ‘कालनिर्णय’, आज आपल्या भिंतीवरच्या तिथी दृक्‌गणिताच्या आहेत. दहा घटकांनी घटलेली तिथी त्यांत बिनबोभाट छापली जाते आणि श्रावणातले उपास तिच्यावरच होतात. ‘बाणवृद्धी रसक्षय’ हे शब्द खोडाळ्याच्या पेठेत किती जणांनी ऐकले असतील? ज्या गणिताने धर्म बुडेल अशी भीती दीडशे वर्षांपूर्वी होती, त्याच गणिताने काढलेली एकादशी आज आजीबाई श्रद्धेने पाळतात.

राष्ट्रीय पंचांग राजपत्रावर छापले जाते. त्यात २२ डिसेंबर हा पौष महिन्याचा पहिला दिवस असतो. दीक्षितांच्या पंचांगाने त्याच सुमारास संक्रांत होते. आमच्याकडे सूर्यमाळच्या पठारावर त्या दिवसांत कडाक्याची थंडी असते आणि दिवस मोठा होऊ लागलेला असतो. तिळगूळ अजून तीन आठवडे लांब असतो.